बाजाराच्या गावात हॉटेलसाठी जागा: पेठेतला गाळा, चालू हॉटेल की बायपासचे 5 गुंठे?

प्रश्न थोडक्यात असा: नारायणगावसारख्या बाजारपेठेच्या गावात नाश्ता आणि शाकाहारी जेवणाचं, साधारण 40 खुर्च्यांचं हॉटेल टाकायचं आहे. तीन जागा समोर आहेत. पेठेत 700 चौरस फुटांचा गाळा, भाडं महिना 30 हजार. दुसरं एक चालू हॉटेल. चालवणारा भांडी-फर्निचरसकट ‘रनिंग’ द्यायला तयार आहे, 14 लाख मागतो, जागेचं भाडं वेगळं. तिसरी, बायपासला लागून 5 गुंठे, विकत. यातलं काय घ्यावं?

आधी तिन्हींचे भाव बाजूला ठेवा आणि प्रत्येक जागेच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. एजंट शटरपासून सुरुवात करतो, हॉटेलवाल्याने मोरीपासून करावी. धूर कुठून वर जाणार, खरकटं पाणी कुठे जाणार आणि चांगलं पाणी कुठून येणार, एवढं आधी कळलं पाहिजे. कापडाच्या किंवा मोबाइलच्या दुकानाला उत्तम असलेला गाळा हॉटेलला पार निकामी ठरू शकतो, आणि ते बहुतेक वेळा डिपॉझिट दिल्यावर कळतं.

धुराचं आधी बघा, कारण तो नंतर दुरुस्त होत नाही. पेठेतल्या गाळ्यांवर हल्ली दोन-तीन मजले फ्लॅट असतात. तीन चुलींच्या रांगेवर 6 बाय 3 फुटांचा हुड (धूर गोळा करणारं छत्र) धरला, तर ओढ साधारण 1800 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा, लागते आणि त्याला 14 इंच व्यासाची डक्ट, म्हणजे धूर वर नेणारी नळी, लागते. ती डक्ट मागच्या भिंतीने सरळ गच्चीच्या वर 6 ते 8 फूट नेता आली पाहिजे. वाटेत प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ कमी होते आणि तिथेच तेल साचतं. दोनपेक्षा जास्त वळणं पडत असतील तर मोठा ब्लोअर, जास्त आवाज आणि मग वरच्या मजल्याची तक्रार. खिडकीतून एक्झॉस्ट पंखा मागच्या बोळात सोडणं हा उपाय नाही, ते भांडण विकत घेणं आहे. डक्ट ज्या भिंतीवरून जाणार ती कोणाची, गच्चीचा हक्क कोणाचा, सोसायटी असेल तर तिची लेखी संमती मिळते का, हे इसार देण्याआधी बघायचं. मालकाने ‘काही अडचण नाही’ असं तोंडी सांगितलं तर त्याला ते लिहून मागा. तिथेच खरं काय ते कळतं. आणखी एक गोष्ट सुटते: जेवढी हवा बाहेर ओढाल तेवढी आत यायला वाट हवी. मागे दार किंवा जाळी नसेल तर एक्झॉस्ट चालू असूनही धूर बसायच्या जागेत येतो.

सांडपाण्याला गावात दोनच वाटा असतात: गटार किंवा शोषखड्डा. शोषखड्डा घरगुती पाण्याला ठीक. हॉटेलचं तेलकट पाणी त्यात सोडलं की तळाची माती बुजते आणि काही महिन्यांत खड्डा उलटा भरतो. त्यामुळे वंगण अडवणारा तीन कप्प्यांचा चेंबर हवाच. तुमच्या आकाराला आतून 3 बाय 2 बाय 2 फूट, म्हणजे साधारण 340 लिटर. आठवड्याला वरचा थर काढला नाही तर तो असून नसल्यासारखा. हा चेंबर भटारखान्याच्या आत नको, बाहेर हवा. त्याला जागा आहे का ते बघा. भांडी धुण्याच्या मोरीपासून चेंबरपर्यंत 4 इंची पाइप आणि दर 5 फुटांना 1 इंच उतार मिळाला पाहिजे. इथे जुन्या पेठांत हमखास एक घोळ असतो. काँक्रीटीकरणात रस्ता वर येतो आणि गाळ्याची फरशी रस्त्याखाली जाते. उतार मिळत नाही, आणि जून-जुलैत जोराचा पाऊस झाला की गटाराचं पाणी मोरीतून आत येतं. भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर ओलीची रेषा किंवा नुकताच मारलेला रंग दिसला तर शेजारच्या दुकानदाराला पावसाळ्याचं विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

पाणी किती लागेल? हॉटेलसाठी दर खुर्चीमागे दिवसाला 70 लिटर हा बांधकामातला रूढ मापदंड आहे. 40 खुर्च्यांना 2800 लिटर. नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर 6000 लिटरचा साठा धरा. एवढ्या पाण्याचं वजन 6 टन होतं. जुन्या माळवदावर किंवा पत्र्यावर ते ठेवता येत नाही, म्हणून खाली टाकीला जागा हवी. बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, पर्याय नसेल तर 600 पर्यंत चालतो. 400-500 च्या पाण्याने चहाचा बॉयलर आणि इडलीपात्र क्षाराने भरतं आणि डाळ शिजायला वेळ व गॅस जास्त लागतो. पाण्याचा तपासणी अहवाल अन्न परवान्यालाही लागू शकतो, म्हणजे हा खर्च वाया जात नाही.

वीज आणि गॅस पटकन सांगतो. ओला ग्राइंडर, डीप फ्रीजर, ब्लोअर, मोटार धरून थ्री-फेज जोडणी लागेल. गाळ्यात सिंगल फेज असेल तर वाढीव भार कोण घेणार ते ठरवा. मीटर घरगुती दराचं आहे का बघा, कारण घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. मागची थकबाकी शून्य असल्याचं बिल हातात घ्या. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा. एका वेळी 100 किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे भरलेले पाच. ते हवेशीर जागी, जमिनीच्या पातळीवर. तळघरात कधीच नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो.

आता खुर्च्यांकडे येऊ. तुमच्या 40 खुर्च्या 700 फुटांत बसत नाहीत. भटारखान्याला 220, भांडी धुण्याला 40, कोठाराला 40, गल्ला आणि हात धुण्याला 50 फूट गेले की उरतात 350. ये-जा धरून माणशी 12 फूट लागतात, म्हणजे 28-29 खुर्च्या. सलग बाकडी टाकली तर 34-35 पर्यंत ताणता येईल. आणि हे 700 फूट आतलं क्षेत्र असेल तर. ‘बिल्टअप’, म्हणजे भिंती धरून, असेल तर आत 580-600 भरतील. टेप घेऊन स्वतः मोजा, भाडं मोजलेल्या आतल्या फुटावर बोला. उंची 14 फूट असेल तर मागच्या भागावर पोटमाळा काढून कोठार वर नेता येतं. तेवढीच 3-4 खुर्च्यांची जागा सुटते.

भाडं परवडतं की नाही हे मोजूनच कळतं. आठवडे बाजाराचा एक दिवस, एक साधा दिवस आणि एक रविवार, सकाळी 8 ते 11, दुपारी 12 ते 3, संध्याकाळी 7 ते 10, जवळच्या तुमच्यासारख्याच हॉटेलासमोर बसा आणि आत जाणारी माणसं मोजा. बाजाराच्या गावात महिन्याचा मोठा गल्ला चार-पाच दिवसांत जमतो, पण त्या दिवसाचं गिऱ्हाईक घाईत असतं: चहा, वडा, मिसळ, उठला. ताट घेणारा कमी. उदाहरणादाखल: साध्या दिवशी 70 जण, सरासरी 110 रुपये, 26 दिवसांचे झाले 2 लाख. बाजाराच्या 4 दिवशी 200 जण, सरासरी 100 रुपये, 80 हजार. महिना 2 लाख 80 हजार. भाड्याचा सगळा भार विक्रीच्या 10 टक्क्यांच्या आसपास असावा, 12 च्या वर गेला की ताटातलं तूप कमी व्हायला लागतं. म्हणजे या जागेला 28 हजार ठीक, 30 हजार काठावर.

पण 30 हजार हे 30 हजारच राहतात का? हॉटेलला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर खरेदीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नियमित नोंदणी असेल आणि जागामालक नोंदणीकृत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून व्यावसायिक भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने भरायचा आहे. 30 हजारांवर 5,400, वर्षाला 64,800, आणि ते परत मिळत नाहीत. खरं भाडं 35,400 झालं, म्हणजे विक्रीच्या साडेबारा टक्क्यांवर. उलाढाल दीड कोटीच्या आत असल्याने कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना) घेता येतं आणि तसं घेतलेल्याला या रिव्हर्स चार्जमधून 2025 च्या जानेवारीत वगळलं आहे; मात्र तिथे 5 टक्के गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत, गल्ल्यातूनच जातात. मालक स्वतः नोंदणीकृत असेल तर तो 18 टक्के लावणारच. भाव ठरवताना ‘कर धरून किती’ हे पहिल्याच बैठकीत विचारा.

मोजायला बसाल तेव्हा आणखी एक बघा. बाजाराच्या दिवशी तुमच्या शटरसमोर कोण बसतं? पेठेत बरेचदा भाजी-कटलरीवाले दारालाच ताडपत्री पसरतात, गर्दी समोरून जाते आणि आत यायला वाट नसते. पेठेच्या ऐन मध्यावरच्या गाळ्यापेक्षा बाजार जिथे संपतो आणि एसटी स्टँड किंवा दुचाक्यांची जागा सुरू होते तिथला गाळा हॉटेलला जास्त चालतो. पिशव्या भरल्यावरच माणूस बसायला जागा शोधतो. नारायणगावात याशिवाय टोमॅटोचा हंगाम आहे. जुन्नर बाजार समितीच्या उपबाजारात उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गाड्या येतात. हमाल, ड्रायव्हर, आडत्यांकडची माणसं यांचं जेवण वेगळ्या वेळी असतं. ओझर-लेण्याद्रीमुळे संकष्टीला, त्यातही अंगारकीला, उपवासाचं गिऱ्हाईक येतं. हे दिवस मोजणीत धरून सरासरी फुगवू नका. भाडं फेब्रुवारीतही द्यायचंच असतं.

बाजार समितीच्या आवारातला किंवा नगरपरिषदेचा गाळा कोणी ‘पोटभाड्याने’ दाखवला, तर मूळ वाटपपत्र वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अशा गाळ्यात पोटभाडेकरू ठेवणं आणि ठरलेल्या वापराबाहेर धंदा करणं ही वाटप रद्द होण्याची नेहमीची कारणं असतात. आणि बाहेर निघतो तो तुम्ही, वाटप घेणारा नाही.

चालू हॉटेलचे 14 लाख. विकणाऱ्याकडे विकण्यासारखं नेमकं काय आहे? जागा त्याची नाही, तो स्वतः लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे जागा फक्त वापरायच्या परवानगीवर, बसलेला आहे आणि तो हक्क त्याला परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. अन्न परवाना धारकाच्या आणि जागेच्या नावाने असतो, तोही विकत मिळत नाही. तुम्हाला नवा काढावा लागेल. म्हणजे विक्रीला आहे ती भांडी, फर्निचर, हुड-डक्ट, नाव आणि गिऱ्हाइकाची सवय. भांड्या-फर्निचरची वस्तुवार यादी करा आणि प्रत्येकाला जुन्या बाजारचा भाव लावा. फ्रीजरचा कॉम्प्रेसर, ग्राइंडरचे दगड, बर्नर बघून. बहुतेक ठिकाणी ही बेरीज मागणीच्या निम्म्यावरही येत नाही. उरलेलं गुडविल, म्हणजे नाव आणि सवयीचे पैसे, आणि त्याची किंमत नफ्यावर ठरते.

नफा वहीतून बघू नका, वही कालही लिहिता येते. बारा महिन्यांची वीजबिलं, गॅस एजन्सीच्या 19 किलोच्या सिलिंडरच्या पावत्या, दूधवाल्याचा हिशेब आणि क्यूआर कोडच्या खात्याचा बँक उतारा मागा. हे चार कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. विक्री वाढल्याचा दावा आहे आणि सिलिंडर महिन्याला तेवढेच, तर दावा खोटा. आठवडाभर गल्ल्याशेजारी बसू द्या म्हणा. जो नको म्हणतो त्याचं हॉटेल सोडा. जाहिरातीत ‘घरगुती अडचणीमुळे देणे आहे’ असं असतं; खरी अडचण बरेचदा अशी असते की मालकाने करार वाढवायला नकार दिलेला असतो, किंवा आचारी सोडून जातोय. हॉटेलची चव आचाऱ्याच्या हातात असेल तर आधी आचाऱ्याशी बोला.

पैसे तीन हप्त्यांत द्या: थोडा इसार, मोठा हप्ता जागामालकाने तुमच्या नावाने 60 महिन्यांचा करार नोंदवला त्या दिवशी, आणि शेवटचा किमान 10 टक्के तीन महिन्यांनी, किराणा, दूध, गॅस आणि कामगारांची देणी निघाली नाहीत तर. धंदा जसाच्या तसा घेतला तर आधीच्या चालकाच्या थकलेल्या जीएसटीला घेणाराही जबाबदार धरला जातो (केंद्रीय जीएसटी कायदा, कलम 85). म्हणून फक्त वस्तूंची खरेदी बिलावर दाखवायची की पूर्ण धंदा घ्यायचा, हे सीएकडून आधी ठरवून घ्या. गुडविलचे पैसे देत असाल तर विकणाऱ्याने अमुक वर्षं, अमुक किलोमीटरच्या आत तेच हॉटेल टाकू नये अशी अट घाला. एरवी धंद्याला बंदी घालणारी अट करार कायद्यात चालत नाही. गुडविलच्या विक्रीत, ठरावीक हद्दीपुरती चालते.

भाड्याच्या कराराबद्दल. 11 महिन्यांचं नोटरी केलेलं स्टँपपेपर हॉटेलसाठी कामाचं नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. 60 महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक फार नाही: एकूण भाडं, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के. 30 हजार भाडं आणि 3 लाख डिपॉझिट असेल तर 18 लाख अधिक दीड लाख, त्यावर 4,875 रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत 500, शहरात 1,000. दरवर्षीची वाढ लिहिली असेल तर बेरीज तेवढी वाढेल.

मात्र लायसन्सचं एक दुखणं आहे. त्याने जागेत हक्क निर्माण होत नाही, आणि मालकाने मधेच गाळा विकला तर नवा मालक लायसन्सने बांधला जात नाही. भाडेपट्ट्याने बांधला जातो. फिटिंगवर 3-4 लाख घालणार असाल तर लायसन्स पुरे. 12-15 लाख जाणार असतील तर 9 वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा विचार करा. 5 ते 10 वर्षांच्या पट्ट्याला मुद्रांक बाजारमूल्याच्या 25 टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने लागतो. गाळा 60 लाखांचा आणि दर 6 टक्के धरला तर 15 लाखांवर 90 हजार. मालक पट्ट्याला सहसा तयार नसतो. मग करारात निदान एवढं तरी लिहा: 60 महिने मालकाला जागा परत मागता येणार नाही, तुम्हाला 12 महिन्यांनंतर 3 महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल, मधे विक्री झाली तर न वापरलेल्या काळाची फिटिंगची रक्कम मालक देईल. डक्ट, चेंबर, टाकी, बोर्ड आणि वाढीव वीजभार यांना करारातच संमती. पहिले 45 दिवस बिनभाड्याचे, कारण ओटा, फरशी, डक्ट आणि परवाने याला तेवढा वेळ जातोच.

मालकी तपासताना गावात नेहमी होणारी गफलत म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मालकीचा पुरावा समजणं. ती घरपट्टीची नोंद आहे. गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, बाहेर सातबारा आणि बिनशेती आदेश. आदेशात वापर ‘निवासी’ लिहिलाय की ‘वाणिज्य’ तेही वाचा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याची संमती हवी, नाहीतर जप्तीत हॉटेलला कुलूप लागतं. जुन्या वाड्याचे गाळे तोंडी वाटपावर भावाभावांत विभागलेले असतात. पत्रिकेवर जेवढी नावं तेवढ्या सह्या, बहिणींच्यासकट.

बायपासच्या 5 गुंठ्यांवर मी सध्या हात घालणार नाही. 5,445 चौरस फूट ऐकायला बरे वाटतात. पण महामार्गालगत रस्ता आणि इमारत रेषा यांच्या मधल्या जागेत बांधता येत नाही, पुढे पार्किंग आणि मागे टाकी सोडली की बांधकामाला उरतं किती ते नकाशावर काढून बघा. महामार्गावरून आत यायच्या वाटेला वेगळी परवानगी लागते. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी हवा, आणि 5 गुंठ्यांचा तुकडा कसा पडला ते फेरफारावर बघा; ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ (हा कायदा शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू देत नाही) असा शेरा असला तर तो निघाल्याशिवाय इसारही नको. शिवाय दुभाजकामुळे निम्मीच वाहनं तुमची. नाशिककडे जाणाऱ्या बाजूला, पुण्याहून सकाळी सातला निघालेली गाडी नऊच्या सुमाराला पोचते, म्हणजे नाश्ता. पुण्याकडे येणाऱ्या बाजूला संध्याकाळचं जेवण. दोन्ही वेगळी हॉटेलं आहेत, वेगळा आचारी लागतो. बाजाराचं गिऱ्हाईक तर बायपासला येतच नाही.

तेव्हा पेठेतला गाळा, पण डक्ट गच्चीपर्यंत जात असेल, फरशी रस्त्याच्या वर असेल आणि सगळा भार 28 हजारांत बसत असेल तर. नाहीतर चालू हॉटेल, वस्तूंच्या किमतीवर फार तर चार-पाच महिन्यांचा सिद्ध झालेला नफा चढवून. ताबा घ्याल त्या दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरच्या आकड्यांचे, भिंतींचे, फरशीचे फोटो मालकासमोर काढा आणि ताबापावतीवर दोघांच्या सह्या करा. सोडताना डिपॉझिटमधून रंग-फरशीचे पैसे कापले जातात ते याच कागदाअभावी.